काळ्या जमिनीतली संडासाची टाकी आणि जातीचा सवाल

आपले लोक आता घर बांधताना भटजीला मुहूर्त विचारत नाहीत. हे चळवळीचे यश आहे. पण त्याच घराच्या मागे संडासाची टाकी कुठे घ्यायची, किती खोल घ्यायची आणि ती कोणत्या जमिनीत बसते आहे, हे मातीला मात्र कोणी विचारत नाही. गवंडी सांगेल तिथे खड्डा, ठेकेदार सांगेल तेवढी टाकी. वर स्लॅब पडला की काम संपले असे आपण मानतो. ती टाकी भरल्यावर तिच्यात कोण उतरणार, हा सवाल ज्या दिवशी पहिली कुदळ पडते त्याच दिवशी विचारायला हवा. कारण खान्देशातल्या काळ्या जमिनीत हा सवाल लवकर येतो आणि वारंवार येतो.

धुळे, जळगाव आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तिन्ही जिल्ह्यांत तापी, पांझरा, गिरणेच्या काठची जमीन म्हणजे काळी कसदार जमीन. कापसाला आणि केळीला ती सोन्यासारखी. पण शेताला जी माती माय होते, तीच माती टाकीला वैरीण होते. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. पावसाळ्यात ती इतकी घट्ट होते की वरचे पाणी वरच राहते. उन्हाळ्यात ती आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे वर्षातले चार महिने ती पाणी घेत नाही आणि उन्हाळ्यात न गाळता सोडून देते. या फुगण्या-आटण्याने टाकीच्या भिंतीला दर वर्षी एकदा धक्का बसतो आणि एकदा तिचा आधार सुटतो. भिंत तडकते. तडकलेल्या भिंतीतून मैला भेगांत शिरतो आणि त्याच भेगांतून तो विहिरीकडे, हातपंपाकडे जाऊ शकतो.

आता टाकीचे काम कसे चालते ते पाहू. पुष्कळांचा समज असा की टाकी सगळे पचवते, पाणीसुद्धा. हा समज साफ चुकीचा आहे. सेप्टिक टाकीत घाण खाली बसते, जंतू तिला हळूहळू कुजवतात, तेलकट साय वर तरंगते. पण पाणी? आज टाकीत जेवढे पाणी गेले, तेवढेच पाणी आज टाकीतून बाहेर पडते. ते पाणी स्वच्छ नसते, रोगजंतूंनी भरलेले असते. म्हणून टाकीच्या पुढे शोषखड्डा लागतो. टाकी ही अर्धी व्यवस्था, उरलेली अर्धी व्यवस्था म्हणजे माती. मातीनेच पाणी घ्यायला नकार दिला तर टाकी कितीही पक्की असली तरी ती फक्त मैल्याचा हौद होते.

हिशेब करून पाहा. भांड्यात हाताने पाणी ओतायचा गावठी संडास असेल तर माणसी दिवसाला साधारण १० लिटर पाणी खड्ड्यात जाते. पाच माणसांचे घर, म्हणजे ५० लिटर. योजनेतला खड्डा आतून एक मीटर व्यासाचा आणि सुमारे एक मीटर कामाच्या खोलीचा. विटांची जाडी धरली तर त्याच्या बाजूच्या भिंतीमागे मातीचे क्षेत्र जवळजवळ ४ चौरस मीटर भरते. तळ लवकर बुजतो, म्हणून तो हिशेबात धरत नाहीत. वाळूची जमीन एका चौरस मीटरमागे दिवसाला ५० लिटर पाणी शोषते, म्हणजे २०० लिटर. घर निश्चिंत. चिकण जमीन मात्र १० लिटरच शोषते, म्हणजे ४० लिटर. जायचे ५० आणि मुरायचे ४०! रोजचे १० लिटर उरले. फुगणारी काळी असेल तर १० चाही भरवसा नाही. त्यात न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी सोडले की खड्डा काही महिन्यांतच तोंडापर्यंत येतो.

मग घरमालक काय करतो? तो टाकी मोठी करतो. दहा फूट लांब, दहा फूट खोल. "एकदाच खर्च करू, दहा वर्षे बघायला नको." वास्तविक पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली एवढी टाकी भारतीय मानकाप्रमाणे पुरते. दोन-तीन वर्षांनी तिचा गाळ यंत्राने काढायचा असतो. पण पाणीच बाहेर जात नसेल तर मोठी टाकीही भरतेच, फक्त उशिरा भरते आणि भरते तेव्हा अधिक खोल, अधिक घट्ट, अधिक विषारी होऊन भरते. गाळ तळाशी दगडासारखा बसतो. टँकरचा पाइप तो ओढू शकत नाही, आणि वस्तीच्या बोळात तर टँकरच शिरत नाही. शेवटी निरोप जातो. कुणाला जातो? गावात सुतार आहेत, लोहार आहेत, पदवीधर बेकार पोरे आहेत. निरोप त्यांना जात नाही. निरोप मेहतर वस्तीत जातो.

इथे माती आणि जात यांची गाठ पडते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातीचे निर्मूलन' लिहिताना दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. त्याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जायला नको. केंद्र सरकारने 'नमस्ते' योजनेखाली गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद केली. २०२४ साली जाहीर झालेल्या त्या आकड्यांनुसार त्यांतले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. इतर मागास आणि आदिवासी मिळवले तर हा आकडा ९२ टक्क्यांच्या घरात जातो. ही योगायोगाने झालेली नोकरभरती आहे काय?

आणि या कामात मरण आहे. टाकीत सल्फाइडचा वायू साचतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. प्रमाण वाढले की नाकाला वासही येईनासा होतो, म्हणून आत उतरलेल्याला धोका कळत नाही. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत ३७७ माणसे मेली, असे सरकारनेच संसदेत सांगितले. २०१९ च्या डिसेंबरात मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत तिघे मेले. त्यांच्या विधवांना दहा-दहा लाख मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ साली आदेश द्यावा लागला. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात एका टाकीने पाच मजुरांचा जीव घेतला. मरणारा दर वेळी एकाच जातीचा नसतो, पण तो गरीब असतोच आणि टाकीचा मालक तो नसतोच.

कायदा नाही काय? आहे. माणसाकडून मैला वाहून नेण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, आणि तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लक्षात घ्या, हे कलम फक्त नगरपालिकेला लागू नाही, ते कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. म्हणजे घरमालकालाही! सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाखांवर नेली. पण भरपाई मेल्यावर मिळते. माणूस उतरूच नये अशी टाकी बांधणे हे जिवंतपणीचे काम आहे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. हा लेख फक्त सवर्णांना सुनावण्यासाठी नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा असे सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून, गावचा बहिष्कार सोसून ते सोडले. म्हारकी सोडली म्हणून आज आपण ताठ मानेने उभे आहोत. मग आज नोकरीतल्या आपल्या माणसाच्या घरची टाकी भरते तेव्हा तोही मेहतराच्या पोरालाच का हाक मारतो? आपण जे काम अपमानाचे म्हणून टाकून दिले, तेच काम आपल्या दारात दुसऱ्या दलिताला करायला लावणे हा कुठला आंबेडकरवाद? १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यात सोनई येथे तीन मेहतर तरुणांना टाकीच्या कामाच्या निमित्ताने बोलावून ठार मारण्यात आले, कारण त्यांच्यातल्या एकाचे वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम होते. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. त्या तिघांना बोलावायला 'टाकी' एवढा एक शब्द पुरला. टाकीच्या कामाला कोणत्या जातीचा माणूस येतो हे बोलावणाऱ्यालाही माहीत होते आणि गावालाही माहीत होते. ही सवय मोडण्याची जबाबदारी आपल्यावर नाही काय?

सरकारचे धोरण काय सांगते? २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबाला वैयक्तिक शौचालयासाठी १२ हजार रुपये प्रोत्साहन ठेवले गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणाही झाली. अभियानाने दोन शोषखड्ड्यांचे शौचालय पुढे केले, आणि ही शिफारस चांगली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो साधारण तीन वर्षांत भरला की मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आतल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. ते घरमालक स्वतः फावड्याने काढून शेतात टाकू शकतो. ज्या तंत्राने मैला उपसायला जातीची गरजच उरत नाही, ते तंत्र आंबेडकरी विचाराच्या जवळचे आहे.

मग घोडे कुठे अडते? घोडे अडते नकाशावर. एकाच मापाचा, एकाच खर्चाचा खड्डा कोकणच्या जांभ्यात चालवायचा आणि तापीकाठच्या काळीतही चालवायचा! काळीत पाणी मुरत नाही, मैला ओलाच राहतो, खत होत नाही आणि बंद खड्डाही उपसावा लागतो. त्यातच आपल्या वस्त्या कुठे आहेत ते पाहा. गावोगाव जुने महारवाडे, मांगवाडे गावाच्या खालच्या अंगाला वसवले गेले. गावाचे पाणी वाहून जिकडे येते तिकडे वस्ती. तिथे गाळाची माती खोल, पावसात पाणी वर, जागा चिंचोळी. रमाई आवासचे घरकुल मिळाले तरी त्याच्या मागे दोन खड्ड्यांना आणि विहिरीपासूनच्या अंतराला जागा उरत नाही. मनूने घातलेली सीमा आजही जमिनीच्या उतारात शाबूत आहे.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. पहिला उपाय म्हणजे जमीन तपासणे. जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथे हातभर रुंदीचा छोटा खड्डा नियोजित खोलीपर्यंत खणा. कुदळीने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडा, तळाला दोन बोटे जाड वाळू टाका. वाळूवर फूटभर पाणी भरा आणि रात्रभर माती भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी भरून दर अर्ध्या तासाने काठीने मोजा, असे चार तास. शेवटच्या मापावरून २.५ सेंटिमीटर, म्हणजे एक इंच, पाणी उतरायला किती मिनिटे लागली ते काढा. ३० मिनिटांच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटे लागली तर खोल खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब उथळ चर घ्या. ६० च्या वर गेले तर ती जमीन सेप्टिक टाकीचे पाणी घेणार नाही हे मान्य करा. ही मर्यादा सेप्टिक टाकीच्या पाण्यासाठी आहे, पाणी कमी लागणाऱ्या दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा विचार पुढे केला आहे. आणि एक सावधगिरी. ही चाचणी मे महिन्यात करू नका. मे महिन्यात भेगांतून पाणी क्षणात नाहीसे होते आणि जमीन खोटे बोलते. काळी खरे बोलते ती जुलैत, भिजून फुगल्यावर.

दुसरा उपाय खड्ड्याचा. दोन खड्ड्यांचे शौचालय काळीत घ्यायचे तर जाळीदार वीटकामाच्या बाहेर चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर, जाडीचा वाळू-खडीचा थर भरा. केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच काळ्या जमिनीसाठी ही तरतूद आहे. वरचाच हिशेब पुन्हा करा. खड्ड्याचा व्यास वाढतो, मातीचे क्षेत्र ४ वरून ५.८ चौरस मीटर होते आणि चिकण जमिनीतही रोज ५८ लिटर मुरते. जायचे ५०, मुरायचे ५८. गणित जमले! खर्च किती? एका खड्ड्याला सुमारे अर्धा ब्रास, दोन्ही मिळून एक ब्रास वाळू-खडी. हा थर फुगणाऱ्या मातीचा धक्काही झेलतो, भिंत वाचते. एवढ्या एका ब्राससाठी माणसाला नरकात उतरवायचे काय? काळी फार फुगणारी असेल आणि खाली हाताला येणाऱ्या खोलीवर मुरूम असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्या, पण पाण्याचा स्रोत जवळ नसेल तरच. सेप्टिक टाकीचे पाणी मुरवायची जागा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवी. पावसात पाणी वर येत असेल तर खड्ड्याचे तोंड जमिनीच्या वर उचला आणि भोवती मातीचा उतार द्या. न्हाणीचे पाणी कधीही यात सोडू नका. ते परसात केळीला, अळूला, कर्दळीला द्या.

तिसरा उपाय सेप्टिक टाकीचा, जिथे तीच घ्यावी लागते तिथे. टाकी लहान ठेवा, दोन कप्प्यांची ठेवा, पक्क्या तळाची ठेवा. भोवती काळी न भरता मुरूम भरा. गाळ काढायचे झाकण टँकरचा पाइप पोचेल अशा बाजूला ठेवा. पुढे जमीन पाणी घेत नसेल तर खालून वर पाणी चढणारा खडीचा गाळण-कप्पा बांधा, किंवा जमिनीवर वाळूचा उंचवटा करून त्यात पाणी मुरवा. आणि दर दोन-तीन वर्षांनी टँकर बोलवा, दहा वर्षे वाट पाहू नका. टँकर मैला कुठे ओततो, तेही विचारा.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा इंजिनिअरचा विषय, चळवळीचा नव्हे. त्यांनी इतिहास आठवावा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदीच्या प्रकल्पांवर त्यांनी काम केले. पाणी कुठून येते, कुठे जाते, त्यावर सत्ता कोणाची, हे त्यांच्यासाठी तंत्राइतकेच समाजक्रांतीचे प्रश्न होते. चवदार तळे हा पाणी पिण्याचा हक्क होता. मैल्याच्या पाण्याची विल्हेवाट हा त्याच हक्काचा दुसरा टोक आहे. आणि मैला उपसणे हे पवित्र सेवाकार्य आहे असा उपदेश करणाऱ्या गांधीवादाचा बुरखा १९४५ साली त्यांनीच फाडला होता. आपल्याला सेवेचे गोडवे नकोत. ते काम माणसाच्या हातून कायमचे काढून घेणे हवे.

म्हणून ग्रामसभेत उठून मागा. शौचालयाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात जमिनीची चाचणी हवी. काळ्या जमिनीत वाळू-खडीच्या थराचा जादा खर्च योजनेने द्यावा. तालुक्याला लहान बोळात शिरणारा मैला टँकर आणि मैला शुद्ध करण्याची जागा हवी. घरकुलाची जागा ठरवताना खड्ड्यांची जागाही नकाशावर हवी. हे ठराव लेखी करून घ्या, तोंडी आश्वासनावर घरी जाऊ नका.

१९३७ साली ३१ जुलैला बाबासाहेब धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दर वर्षी त्या दिवशी हजारो भीमसैनिक तिथे जातात. तेव्हा खान्देशातली काळी पाणी पिऊन फुगलेली असते, म्हणजे जमीन तपासायचा तोच नेमका काळ. बंगल्यावर अभिवादन करून परत आल्यावर प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांनी त्याच आठवड्यात आपल्या वस्तीत एक खड्डा खणावा, पाणी ओतावे, घड्याळ लावावे आणि आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवावा. ज्या वस्तीत हे होईल, तिथल्या टाकीत उद्या कुणाचा मुलगा उतरणार नाही.

जय भीम!